कच्चीतून निघालेलं शून्य

"बाई, तुमच्या हातून आजवर झालेली सगळ्यात मोठी, अगदी गाढवपणाची चूक कोणती?"

टकळीने भर सभागृहात हे विचारलं. मागच्या रांगेत कोणीतरी खिक्कन हसलं. पुढच्या रांगेतल्या मुख्याध्यापिकांनी मान इतक्या सावकाश मागे वळवली की रणगाड्याची तोफच फिरतेय असं वाटावं.

खरं तर प्रश्न टकळीचा नव्हताच, तो वेणीचा होता. वेणी म्हणजे तिच्या बाकावरची, कमरेपर्यंत केस असलेली आणि अंगात शंभर भानगडी असलेली मुलगी. शाळेत एक सॉफ्टवेअर इंजिनियर बाई पाहुण्या म्हणून येणार हे कळल्यापासून ती टकळीच्या मागे लागली होती. "विचारून दाखव! आठवडाभर तुझं दप्तर मी उचलेन. नाही विचारलंस तर माझं तू." बाकीच्या पोरींनी लगेच "विचार, विचार" सुरू केलं. आणि टकळी ती टकळीच! मागच्या वर्षापर्यंत वर्गात "हजर" म्हणतानाही जिचा आवाज फुटायचा नाही, ती आता माईक दिसला की भूक लागल्यासारखी धावायची.

पाहुण्या बाई रागावल्या नाहीत. चष्मा डोक्यावर सरकवून म्हणाल्या, "गाढवपणाची? बसा सगळ्याजणी नीट, वेळ लागेल."

सगळे हसले. तोफ पुन्हा पुढे वळली.

"मी नोकरीला नवीन होते," बाई सांगू लागल्या. "एका दुकानाच्या वेबसाइटवर एका बटणाचा रंग चुकला होता. फक्त रंग. मी दहा मिनिटांत दुरुस्त केला आणि चहा प्यायला गेले. परत येते तो काय, दुकानातली प्रत्येक वस्तू फुकट! लोक फ्रीज मागवतायत, सोफे मागवतायत. एका माणसाने तर सतरा पंखे मागवले."

सभागृह खदाखदा हसलं. हसली नाही ती एकटी टकळी. पुढचं वाक्य काय येणार, हे तिला आधीच कळलं होतं.

बाईंनी फळ्यावर एक जाड उभी रेघ काढली. "हा दुकानात चालू असलेला प्रोग्रॅम. लोक वापरतात तो." मग त्या रेघेतून बाजूला गेलेली एक वाकडी रेघ. "आणि ही ब्रांच. इथे आमचं नवीन, अर्धवट काम चालायचं. सवलतीचं गणित निम्मंच लिहून झालं होतं. मला दुरुस्ती करायची होती या जाड रेघेची. पण मी बसले होते या वाकड्या फांदीवर, म्हणून सुरुवातही तिथूनच केली. दुरुस्ती नेऊन जाड रेघेला जोडली, तर तिच्या मागोमाग सगळं अर्धवट कामही आत शिरलं. गळक्या नळाचा वॉशर बदलायला गेले आणि गटाराचा पाइप जोडून आले, असं समजा. दुरुस्ती बरोबरच होती हं! ती निघाली चुकीच्या ठिकाणाहून."

"मग तुम्ही पकडल्या कशा गेलात?" आता वेणीलाही कंठ फुटला.

"पकडायचं काय त्यात? कुठली दुरुस्ती कोणी, कधी आणि कुठून सुरू केली, याची नोंद मशीन आपोआप ठेवतं. ती कोणी तरी उघडून बघायला हवी, एवढंच."

टाळ्या झाल्या. वेणीने टकळीचं दप्तर उचलून "घे महाराणी, हरले" म्हणत खांद्याला अडकवलं. महाराणी जागेवरून हलल्याच नाहीत. तिच्या डोक्यात एकच वाक्य घोंघावत होतं. उघडून बघायला हवी. शाळेच्या प्रोग्रॅमचीही अशी नोंद होती, आणि ती उघडून वाचता येणाऱ्या दोघीच होत्या. एक ती स्वतः, आणि दुसरी मुंगी.

मुंगी आज सभागृहात नव्हती. गेले दोन महिने जिथे टकळी असेल तिथे मुंगी नसायची.

मुंगी म्हणजे टकळीची मैत्रीण. होती, असं म्हणायला हवं. चणीने एवढीशी, बोलणं मोजकं, पण हातात घेतलेलं काम कणाकणाने पूर्ण करणारी. टकळीला हे नावही तिनेच दिलेलं. वर्गात मुकी असणारी ही मुलगी कॉम्प्युटरच्या खोलीत दोघीच असल्या की जी सुरू व्हायची ती थांबायचीच नाही. "तोंडाची टकळी बंद कर गं, माझा कंस चुकतोय," असं मुंगी म्हणायची. एक दिवस तिनेच टकळीला हाताला धरून वर्गासमोर उभं केलं आणि कानात सांगितलं, "जे मला सांगतेस तेच यांना सांग. यांचेही कान माझ्यासारखेच आहेत." टकळीचं तोंड उघडलं ते त्या दिवशी.

शाळेसाठी एक प्रोग्रॅम दोघींनी मिळून केला होता. दर सहा महिन्यांनी शाळेत दातांच्या डॉक्टरांची गाडी यायची. पोरं तिला किंकाळी गाडी म्हणायची. कोणत्या मुलाने किती वाजता पालकांसोबत यायचं, ते हा प्रोग्रॅम ठरवायचा आणि पालकांना मेसेज पाठवायचा. मुख्य डोकं मुंगीचं. टकळीकडे रंग, तक्ते, अक्षरं आणि भरपूर बडबड.

मुंगीने ब्रांचना साधी नावं दिली होती, शाळेतल्या वह्यांची. शाळेत खरोखर चालू असलेला प्रोग्रॅम ती पक्की. ज्यात नवीन काम अर्धं-मुर्धं पडलेलं असायचं ती कच्ची. कॉम्प्युटरच्या खोलीत खिडकीशेजारी तिने एक पुठ्ठाही चिकटवला होता. बारीक, मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरात लिहिलं होतं: "दुरुस्ती पक्कीची असेल तर सुरुवात पक्कीतूनच. कितीही छोटी असली तरी." त्याखाली टकळीने एक रडकं मांजर काढून लिहिलं होतं, "होऽऽ आजीबाई."

तर दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. सोमवार होता. किंकाळी गाडी मंगळवारी सकाळी येणार होती. मुंगी घसा बसून घरी पडलेली. मधल्या सुट्टीत कॉम्प्युटरचे सर घाईघाईने आले. सर मुळात भूगोलाचे. कॉम्प्युटरचा विषय त्यांच्या गळ्यात पडला होता आणि ते बिचारे तो इमानाने ओढत होते. म्हणाले, "अगं, पालकांचे फोन येतायत. ९:०५ ची वेळ यादीत ९:५ अशी दिसतेय. लोकांना वाटतंय नऊ पन्नास! आजच्या आज ते शून्य बसव बाई."

"चार मिनिटं सर!" टकळी म्हणाली. "पाचवं मिनिट लागलं तर नाव बदला."

खरोखर चारच मिनिटं लागली. एका ओळीचं तर काम. फक्त ती बसली होती कच्चीत. तक्त्यासाठी दोन हिरव्यांपैकी कुठला हिरवा बरा दिसतो, हे ती शुक्रवारपासून तिथे ठरवत होती. पक्कीत जायचं तर आधी तो रंगांचा पसारा आवरून ठेवावा लागणार. दोन मिनिटांचं आवरणं! तिने पडद्यावर कोपऱ्यात लिहिलेलं "कच्ची" वाचलं. पुठ्ठ्याकडेही पाहिलं. रडक्या मांजरानेही तिच्याकडे पाहिलं. आणि तिच्या मनात आलं, शून्य ते शून्य. ते इथून निघालं काय आणि तिथून निघालं काय, काय असा फरक पडणार आहे?

कच्चीतूनच तिने दुरुस्तीला सुरुवात केली, शून्य बसवलं, रंग तेवढे वगळले आणि दुरुस्ती नेऊन पक्कीला जोडली. यादी उघडून पाहिली. ९:०५. झकास! ती उड्या मारत वर्गात गेली.

कच्चीत मुंगीचं एक काम अर्धं पडलेलं होतं. पालकांना आदल्या दिवशी "येणार का?" असं विचारायचं, आणि ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांची वेळ रद्द करून दुसऱ्याला द्यायची, अशी तिची कल्पना. रद्द करायचा भाग लिहून झाला होता. विचारायचा भाग अजून व्हायचा होता. शून्याच्या मागोमाग हे निम्मं कामही पक्कीत शिरलं. मंगळवारी सकाळी सात वाजता प्रोग्रॅमने पाहिलं, कोणाचंच उत्तर नाही. कसं असेल? कोणाला विचारलंच कुठे होतं? त्याने बासष्ट पालकांना मेसेज पाठवला, "आपली वेळ रद्द झाली आहे."

गाडी दुपारपर्यंत पटांगणात रिकामी उभी होती. डॉक्टर पायरीवर बसून कोडं सोडवत होते. बरीच पोरं खुशीत नाचत होती, हे खरं. नाचण्यासारखं काही नाही, हे कळायला संध्याकाळ झाली.

टकळी रोज ज्या बसने शाळेत यायची ती बस एक बाई चालवायच्या. सगळ्या त्यांना ड्रायव्हरकाकू म्हणायच्या. त्यांची मुलगी दुसरीत होती. तीन आठवडे तिची दाढ ठणकत होती आणि ती या गाडीची वाट बघत होती. काकूंनी त्या दिवसाची रजा टाकली होती. मेसेज आला, तशी रजा मागे घेऊन त्या कामावर गेल्या. त्याच संध्याकाळी मुलीचा गाल फुग्यासारखा सुजला, ताप चढला आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. चार दिवसांनी पोरगी हसत घरी आली, पण दाढ काढून टाकावी लागली होती. दुधाची असती तर गोष्ट वेगळी. ही नवी आलेली, कायमची होती.

घोळ झाला त्या मंगळवारी दुपारीच सरांनी फोन करून मुंगीला घरून बोलावून घेतलं. ती गळ्याला रुमाल गुंडाळून आली. आवाज पार गेलेला. तिने वीस मिनिटांत सगळं जागच्या जागी आणलं. मग सरांनी दोघींना समोर उभं केलं.

"रद्द करायचा कोड कोणाचा?"

मुंगीने हात वर केला.

"अर्धवट होता?"

मुंगीने मान डोलावली.

"मग तो पक्कीत आला कसा? आजारी असताना घरून काहीतरी पाठवून दिलंस ना?"

मुंगीने मान आडवी हलवली, पण सर पडद्याकडे बघत होते. मग मुंगीने टकळीकडे पाहिलं. रागाने नाही. "बोल ना" अशा नजरेने पाहिलं. कारण तिला आवाज नव्हता, आणि आवाज होता तो टकळीला.

टकळी कीबोर्डच्या बटणांमध्ये अडकलेली धूळ बघत राहिली. एक क्षण गेला, दुसरा गेला. तिसऱ्या क्षणी सर म्हणाले, "तुझा कोड, तुझी जबाबदारी. मला तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." आणि टकळीकडे वळून, "शून्य मात्र छान बसवलंस हो!"

त्या तीन क्षणांची नंतर टकळीने शेकडो वेळा उजळणी केली. प्रत्येक उजळणीत ती बोलायची. प्रत्यक्षात मात्र तोंडाची टकळी तेवढीच नेमकी बंद पडली होती. नंतर तिने स्वतःची समजूत घातली, की मुंगीला कुठे माहीत आहे, ती तर आजारी होती. ती नुसती धीर मागत असेल. उद्या सांगू. परवा सांगू. आणि मग सुट्टीतल्या शिबिराची सूचना लागली. तीन आठवडे, मोठ्या प्रशिक्षण केंद्रात, खऱ्या इंजिनियर लोकांबरोबर काम. शाळेतून एकच जागा. ती मुंगीची होती, हे भिंतींनाही ठाऊक होतं. पण सरांनी नाव लिहिलं ते टकळीचं. "परवा" तिथेच संपला. टकळीला ते शिबिर इतकं हवं होतं, की रात्री तिला तिथल्या खुर्च्यांचीसुद्धा स्वप्नं पडायची.

फॉर्म उद्या, शुक्रवारी द्यायचा होता.

सभागृह रिकामं झालं. टकळी तडक कॉम्प्युटरच्या खोलीत गेली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिने ती नोंद उघडली.

सोमवार. शून्याची दुरुस्ती. टकळी. सुरुवात: कच्ची. लख्ख लिहिलेलं होतं. त्याच्या वर मंगळवारची नोंद, दुपारी एक वाजून दहा मिनिटांची. मुंगीने आदल्या दिवशीची जोडणी उलटवली होती, म्हणजे शून्यासकट सगळं बाहेर काढलं होतं. टकळीच्या कपाळावर आठी आली. सगळंच बाहेर काढलं, तर सरांनी शाबासकी दिली ते शून्य आलं कुठून? ते तर त्या दुपारी यादीत दिसत होतं.

तिने त्याच्या वरची ओळ वाचली. एक वाजून बावीस मिनिटं. शून्याची दुरुस्ती. सुरुवात: पक्की. चढवणारी, मुंगी. आणि करणारीच्या जागी नाव होतं टकळीचं.

ती खुर्चीत मागे टेकली. मुंगीने ते शून्य कच्चीच्या चिखलातून अलगद उचललं होतं, पक्कीतून नवी सुरुवात करून तिथे नीट बसवलं होतं, आणि नाव बदलायला जागा असूनही बदललं नव्हतं. गळ्याला रुमाल, अंगात ताप, आणि तरी तिने मैत्रिणीची एक ओळ जपून बाजूला काढली होती. मग ती सरांसमोर येऊन उभी राहिली होती. सगळं माहीत असून.

शिबिराच्या फॉर्मवर सरांनी शिफारशीत लिहिलेलं वाक्य टकळीला तोंडपाठ होतं. "हिने ऐनवेळी अचूक दुरुस्ती करून दाखवली." ती अचूक दुरुस्तीसुद्धा मुंगीचीच होती.

"अगं, दप्तर घेऊन मी किती वेळ उभी राहू?" वेणी दारातून ओरडली. "पैज हरले म्हणून हमाल नाही झाले!"

"दे इकडे," टकळी म्हणाली. "फिटली तुझी पैज."

"बरं नाही का तुला?"

"नाही," टकळी म्हणाली, आणि ते खरंच होतं.

बसमध्ये ती ड्रायव्हरकाकूंच्या मागच्याच सीटवर बसली. आरशाला मुलीचा फोटो लावलेला होता, पूर्वीचा, तोंडभर हसणारा. बाजार ओलांडल्यावर टकळीने उतरायची घंटी वाजवली.

"इथे कुठे?" काकूंनी आरशातून विचारलं. "तुझा स्टॉप अजून चार पुढे आहे."

"मैत्रिणीकडे जायचंय."

"ती छोटीशी? घसा धरलेली?" काकूंचा आवाज कोरडा झाला. "बरी आहे ना? पूर्वी रोज असायची तुझ्याबरोबर. हल्ली चालत जाते. मी एकदा बोलले तिला, जरा जास्तच बोलले. माझ्या पोरीच्या तोंडात खड्डा झाला तो तुझ्या खेळामुळे, म्हटलं. एक शब्द उलटून बोलली नाही पोरगी. पण काय करू, आईचा जीव."

टकळीने तोंड उघडलं. मागून कोणीतरी ओरडलं, "काकू, चला की, उशीर होतोय!" दार फुस्स करून उघडलं. टकळी उतरली. बस गेली. ती फुटपाथवर उभी राहून धुराकडे बघत राहिली. चालत जाते. दोन महिने मुंगी का चालत येते, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

मुंगी घराच्या पायरीवर बसून बुटाचा तळ चिकटवत होती. चालून चालून तो पुढून सुटला होता, तोंड उघडलेल्या माशासारखा. तिने डिंकाची नळी दाबली, तळ बसवला आणि वर शब्दकोश ठेवला.

"ये," ती मान वर न करता म्हणाली. "पायरीवर डिंक सांडलाय, बघून बस."

टकळी बसली. रस्ताभर तिने भाषण तयार केलं होतं. त्यातलं बाहेर पडलं ते एवढंच, "मी नोंद बघितली."

"आज?"

"आज."

"बराच वेळ लावलास."

"तुला माहीत होतं. त्याच दिवशी."

"मीच तर उलटवलं ते. डोळे मिटून उलटवीन का?"

"मग तू सांगितलं का नाहीस गं? सरांना दाखवायचंस! एक बोट दाखवलं असतंस पडद्यावर—"

"घसा बसला होता," मुंगी म्हणाली. मग जरा थांबून, "ते पहिल्या दिवसाचं कारण. दुसऱ्या दिवशी आवाज आला होता. पण मला वाटलं, तू सांगशील. तू सांगण्यात आणि मी सांगण्यात फरक आहे ना. मग मी वाट बघितली. आठवडाभर बघितली. शिबिराची यादी लागली त्या दिवशीसुद्धा बघितली, तू सरांच्या खोलीत गेलीस तेव्हा. मला वाटलं, गेली सांगायला. तू पेढा मिळाल्यासारखी उड्या मारत बाहेर आलीस."

टकळीला रडू आलं. मुंगीने शब्दकोश उचलून तळ दाबून पाहिला आणि पुन्हा ठेवला.

"रडू नकोस, डिंक ओला आहे."

टकळी हसली आणि मग आणखीच रडली. "आणि माझं नाव का ठेवलंस? त्या शून्यावर?"

"ती ओळ तू लिहिली होतीस. चांगली लिहिली होतीस. दुसरं कोणाचं नाव घालणार?"

हे उत्तर चपराकीपेक्षा वाईट होतं. चपराक असती तर गाल चोळता आला असता.

"मी सरांना सांगते," टकळी घाईघाईने म्हणाली. "उद्याच. ते तुझं नाव घालतील. शिबिराला तू जा. अजून एक दिवस आहे, फॉर्म—"

"मला नाही जायचं."

"असं काय करतेस?"

"सुट्टीत मी दादाच्या दुकानात बसणार आहे. ठरलंय तसं. आणि मला आता तो प्रोग्रॅम उघडावासाच वाटत नाही गं." मुंगीने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "कोपऱ्यात ‘पक्की’ असं दिसलं की मला त्या छोटीची दाढ आठवते. रद्द करायचं आधी लिहिलं आणि विचारायचं नंतर, ही चूक माझीच ना? मीसुद्धा उलट्या टोकानेच सुरुवात केली होती."

"पण ते कच्चीत होतं! कच्ची त्याच्यासाठीच असते! तुझा पुठ्ठा—"

"तो मी काढून टाकला. मांजर छान होतं, ते कापून ठेवलंय." तिने बूट उचलून पायात घातला आणि उभी राहून पाय आपटून पाहिला. "सांगायचं असेल तर सांग. माझ्यासाठी म्हणून नको सांगूस. मला काही परत मिळणार नाहीये त्यातून."

"मग आपण... आपण पूर्वीसारख्या..."

"माहीत नाही," मुंगी म्हणाली. खोटं बोलायची सवय तिला कधीच नव्हती. "जा आता. पुढची बस पावणेसहाला आहे."

टकळी बसने गेली नाही, चालत गेली. चार स्टॉप. शेवटच्या वळणापर्यंत टाच सोलवटली. मुंगीचा शाळेचा रस्ता तर याहूनही लांब होता.

घरी दोन्ही दिवे लागले होते. आई शिवणयंत्रावर होती. तोंडात टाचण्या धरून ती निळ्या जाड कापडाची पिशवी शिवत होती, शिबिरासाठी, आत लॅपटॉपचा कप्पा असलेली. शिबिरात लॅपटॉप तेच देणार होते, पण "कप्पा असू दे, दिसायला बरं" असं आईचं म्हणणं. बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून येऊन हात धुऊन टेबलाशी बसले होते. बोटांच्या पेरांत ग्रीसच्या रेघा राहिल्याच होत्या. समोर फॉर्म होता. त्याला डाग पडू नये म्हणून त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं होतं.

"आल्या इंजिनियर बाई!" बाबा म्हणाले. "सही कुठे करायची ते दाखव. इथे ‘पालक’ लिहिलंय आणि इथेपण. दोन-दोन सह्या? एवढं तर लिफ्ट पास करतानाही विचारत नाहीत."

"हं, हं," आई टाचण्यांमधून म्हणाली, म्हणजे, लंगडतेस का.

"चालत आले. बाबा, पेन खाली ठेवा."

"का? शाई गळतेय?"

"तुम्ही एकदा सांगितलं होतंत ना, लिफ्टला हात लावण्याआधी पाटी लावायची. ‘काम चालू आहे, आत जाऊ नये.’ तुमच्या त्या मित्राने एकदा लावली नव्हती."

बाबांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्याचं काय आता?"

"मी पण पाटी नाही लावली."

मग तिने सांगितलं. शून्यापासून, कच्चीपासून, चार मिनिटांपासून. बासष्ट मेसेज, सुजलेला गाल, कायमची दाढ. सरांसमोरचे तीन क्षण. तिने काही गाळलं नाही, हिरव्या रंगांचा पसारा आवरायचा कंटाळासुद्धा सांगितला. आईने एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या आणि उशीत खोचल्या. शेवटची काढेपर्यंत टकळीचं सांगून झालं होतं.

आईने सुईखालची पिशवी सोडवून मांडीवर घेतली.

"ती मुलगी जेवायची आपल्याकडे," शेवटी आई म्हणाली. "मी विचारलं होतं तुला, हल्ली येत का नाही. तू म्हणालीस, अभ्यास असतो तिला."

"हो."

"आणि मी पिशवी शिवत बसले." आईने निळ्या कापडावरून हात फिरवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "अगं, दोन महिने गं?"

"दोन महिने," टकळी म्हणाली.

बाबांनी फॉर्म जवळ ओढला, सरांनी लिहिलेलं वाक्य ओठ हलवत वाचलं. "हे बघ," ते हळूच म्हणाले, "ती जात नाही म्हणतेय. तू नाही गेलीस तर जागा फुकटच जाईल. सरांना सांग, माफी माग, आणि मग... जाता येईल की नाही? नुसतं विचारतोय."

हा प्रश्न टकळीने स्वतःलाही चार स्टॉपभर विचारला होता. दर खांबापाशी तिला ‘येईल’ असं उत्तर द्यावंसं वाटलं होतं. अजूनही वाटत होतं. त्या खुर्च्या तिला अजूनही दिसत होत्या.

तिने फॉर्म उचलला, नीट चौघडी केली आणि दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवला, सकाळी सापडावा म्हणून.

"नाही बाबा. त्यावरचं वाक्य माझं नाही, तर त्या वाक्यावरून निघून मी कुठेही गेले तरी ते चुकीचंच होणार. उद्या मी लवकरची बस पकडणार आहे. गाडी रिकामी असते तेव्हा. आधी ड्रायव्हरकाकूंना सांगणार, मग सरांना ती नोंद उघडून दाखवणार, आणि हा फॉर्म सहीशिवाय परत देणार. मी शिबिराला जात नाहीये."